केमची ओव्हर

बाईंच्या डोक्यात माणसांची नावं राहत नसत. गावं मात्र राहत. त्यामुळे त्यांच्या हाताखाली काम केलेल्या आम्ही सगळ्या जणी गावांच्या नावानं ओळखल्या गेलो. टेंभुर्णी, अक्कलकोट, बार्शी. मी केम. मुलाखतीला गेले तेव्हा माझा अर्ज त्यांच्यापुढे होता, त्यावर नाव ठळक होतं, तरी त्यांनी विचारलं, "कुठली?"

"केमची."

"कुंकवाचं केम?"

"हो."

"बरं. केम, उद्या सकाळी ये. पोटभर खाऊन ये."

एवढीच मुलाखत.

बाई म्हणजे आमच्या मेट्रन. सोलापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात त्या किती वर्षं होत्या हे कुणी विचारलं, तर आवारातल्या लिंबाकडे बोट दाखवून म्हणत, "त्याला इचार. त्याला म्या पाणी घातलंय." राहायला शुक्रवार पेठेत. तिथून चालत येत, बुटक्या, रुंद, पांढऱ्या साडीत, डोक्यावर काळी छत्री. ही छत्री वॉर्डातही त्यांच्या हातात असे. वॉर्डात पडद्यांच्या दांड्या होत्या, पण निम्मे पडदे कायम धुवायला गेलेले. बाईंचं आणि धोब्याचं भांडण त्यावरूनच. मग पडदा नसलेल्या बेडवर कुणा बाईचे कपडे बदलायचे असले की बाई शेजारी उभ्या राहून फटकन छत्री उघडत, तोंड दुसरीकडे फिरवत आणि मोठ्यानं विचारत, "झालं का गं?" नव्या डॉक्टरांना हसू आवरत नसे. बाईंना त्याचं काही नसे.

पाळी बदलताना जाणाऱ्या सिस्टरनं येणाऱ्या सिस्टरला एकेका बेडपाशी उभं राहून पेशंटची हकीकत सांगायची, याला आमच्यात ओव्हर देणं म्हणतात. काय झालं, काय दिलं, कशावर लक्ष ठेवायचं. सकाळच्या ओव्हरला बाई स्वतः हजर असत. शेवटचा बेड झाला तरी कुणी हलायचं नाही. "आता आपापली द्या," त्या म्हणत.

म्हणजे काय ते पहिल्या दिवशी मला कळलं नाही. पण 'कळलं नाही' म्हणायचा माझा स्वभाव नव्हता. मी मान हलवली.

सुरुवात त्या स्वतःपासून करत. नजर समोरच्या भिंतीकडे, जणू तिथं एक बेड आहे आणि त्यावर त्याच निजल्या आहेत.

"मेट्रन. उजवा कान कामातून गेलेला, डावीकडनं बोला. नावं ध्यानात राहत न्हाईत. भूक लागली की चिडते, खाणं झाल्याबिगर माझ्याकडं रजा मागू नका. शीर एका टोच्यात सापडते, कुणाला सापडत नसंल तर हाक मारा. रडणारा नातेवाईक मला बघवत न्हाई, तितं दुसरीला पाठवीन. हसू नका. गुडघा आज बरा हाय. पुढचा बेड."

पुढचा बेड म्हणजे पुढची सिस्टर.

टेंभुर्णी म्हणे, "मला लगेच रडू येतं, बाई. ड्रेसिंगला हात हलका आहे. आज पोरगं तापानं घरी आहे, माझं लक्ष फोनकडं जाईल."

"फोन माझ्याकडं दे. वाजला की बोलवते. पुढचा बेड."

अक्कलकोट म्हणे, "मी भांडते."

"ते समद्या सोलापूरला म्हाईत हाय की. आजचं सांग."

"आजबी भांडणार."

सगळ्या हसत, आणि बाई खरोखरच तिला भेटीच्या वेळेला दारात उभं करत. एका पेशंटमागे दहा-दहा नातेवाईक घुसायचे ते तिच्यापुढे गप्प उभे राहत. टेंभुर्णीला मात्र लहान मुलांच्या वॉर्डात कधी टाकत नसत. "तिथं ती रडंल, आणि पोरं तिला समजावत बसतील." कुणाची उणीव बदलायच्या फंदात बाई पडत नसत. म्हणत, "उणीव म्हंजे पत्ता असतो गं. कुटं हाय ते कळलं की तितं माणूस उभा करता येतो. पत्ताच न्हाई दिला तर मी कुटं जाऊ?"

मग माझी पाळी.

"केम?"

"काही नाही, बाई. सगळं ठीक."

बाई डोळे बारीक करून बघत. "सगळं ठीक असलेली बाई म्या अजून बघितली न्हाई. हुडक. सापडंल. पुढचा बेड."

त्यांचं दुसरं वेड 'परत सांगा' हे होतं. डॉक्टर राउंडला भराभर सूचना देत. बाईंना सगळं ऐकू आलेलं असे, कळलेलंही असे, तरी त्या सगळ्यांसमोर म्हणत, "कळलं न्हाई, डॉक्टर. परत सांगा." नवे डॉक्टर त्यांना मंद समजत. एकदा एका तरण्या डॉक्टरनं फोनवरून डोस सांगितला. बाईंनी परत विचारलं. तो वैतागला, परत सांगितला. बाई म्हणाल्या, "अजून कळलं न्हाई." तिसऱ्यांदा त्यानं ओरडून सांगितला आणि या वेळी आकडा वेगळाच निघाला. मग तो म्हणाला, "थांबा, बघून सांगतो." बाईंनी फोन ठेवला आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "बघितलं? मला कळंना, म्हणून त्याला कळलं."

मी हसले. शिकले मात्र नाही. गावच्या शाळेतून आलेली, नर्सिंगचे तास इंग्रजीतून. शेजारणी लिहून घेत आणि मी मान हलवत असे. मान हलवली की पुढचा प्रश्न येत नाही, हे मला फार लवकर समजलं होतं. आमच्या दवाखान्यात शहराच्या पूर्व भागातली विणकरांची माणसं पुष्कळ यायची. पुरुषांना मराठी येई, म्हाताऱ्या मात्र तेलुगूच बोलत. त्यांच्या भाषेतला एकच शब्द मी उचलला, 'सरे'. म्हणजे बरं, ठीक. मी मान हलवून 'सरे, सरे' म्हणाले की त्या खुलत. ही सिस्टर आपली, असं समजून आणखी बोलत. मी आणखी सरे म्हणे.

बाईंना तेलुगू अस्खलित येई. त्यांचं लहानपण मागांच्या खटखटाटात गेलेलं. एकदा त्यांनी विचारलं, "केम, तुला तेलुगू येती व्हय?"

"येते थोडी," मी म्हणाले.

त्याच भरवशावर त्यांनी मला बायकांच्या वॉर्डाची इन्चार्ज केलं.

आता अव्वाचं सांगते. पायाची जखम चिघळून आलेली एक म्हातारी. सगळे तिला अव्वा, म्हणजे आजी, म्हणत, मीही. मुलगा मागावर कामाला, तो तिला सोडून कामावर गेलेला. नवं अँटिबायोटिक सुरू करायचं होतं. टेस्ट डोस दिला, त्यात काही दिसलं नाही. मी ट्रे घेऊन बेडपाशी गेले आणि नियमाप्रमाणे विचारलं, "अव्वा, या इंजेक्शनचा आधी कधी त्रास झालाय का?"

अव्वानं बाटलीकडे बोट केलं, हात हलवला आणि म्हणाली, "ई सूदि नाकु पडदु."

मी ऐकलं ते असं: सूदि, म्हणजे सुई. नाकु, म्हणजे नको. पडदु, म्हणजे पडदा. सुई नको, पडदा. पडद्याशिवाय सुई नको! मला इतका आनंद झाला. एक अख्खं वाक्य मला समजलं होतं. तिची लाज मला समजली होती. त्या बेडला नेमका पडदा होता. मी तो सरकन ओढला, म्हणाले, "सरे, अव्वा, सरे." तिनं पुन्हा काहीतरी म्हटलं. माझा हात धरला. मला वाटलं, आभार मानतेय. मी तिचा हात थोपटला, शिरेतून औषध दिलं, आणि पडदा तसाच ठेवून पुढच्या बेडकडे गेले.

पडद्यामागे ती गुदमरत होती आणि वॉर्डात कुणाला दिसत नव्हती. मी चार पावलांवर कुणाचा तरी ताप बघत होते. बाई तिथून चालल्या होत्या, नशिबानं डावा कान त्या बाजूला होता. लोखंडी बेडवर बांगड्या आपटल्याचा आवाज त्यांना आला. त्यांनी पडदा असा ओढला की दांडीची एक बाजू खाली आली. अव्वाचा चेहरा सुजलेला, अंगावर गांधी उठलेल्या, ओठ काळे. "केम, अ‍ॅड्रिनलिन!" त्या ओरडल्या. मी धावले. इंजेक्शन बाईंनीच दिलं. डॉक्टर आले. दुपारपर्यंत अव्वाचा श्वास मोकळा झाला. ती वाचली.

मोठे डॉक्टर बेडपाशीच विचारायला उभे राहिले. मुलगाही धावत आला होता.

"सिस्टर, आधी त्रास झालाय का, विचारलं होतं?"

"विचारलं होतं, सर."

"मग?"

'काहीतरी बोलल्या, पण मला कळलं नाही.' एवढंच म्हणायचं होतं. अव्वा नेमकी काय बोलली हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. पण वाक्य आपल्याला समजलं नव्हतं, हे मला बांगड्यांच्या त्या आवाजातच कळून चुकलं होतं.

"काही त्रास नाही म्हणाल्या," मी म्हणाले.

मुलगा आईवर चिडला. भीतीनंच चिडला असेल. तेलुगूतून ओरडत होता, अधूनमधून मराठीतून, आम्हाला कळावं म्हणून: "सांगायचं न्हाई का? तोंड न्हाई का तुला?" अव्वा खोल गेलेल्या आवाजात एकच शब्द म्हणत राहिली. "चेप्पिना. चेप्पिना." मुलगा रडायला लागला. बाई तिथून सरळ कपड्यांच्या खोलीत निघून गेल्या. त्यांची ती उणीव आम्हाला माहीत होती.

"आणि पडदा का ओढलेला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हाताऱ्या माणसाला लाज वाटू नये म्हणून, सर."

ते म्हणाले, भावना फार चांगली आहे, पण सिस्टरनं पडद्याच्या आत थांबायला हवं. पुढच्याच आठवड्यात नियम निघाला: प्रत्येक इंजेक्शनच्या वेळी पडदा ओढायचा, आणि थोडा वेळ सिस्टरनं आत पेशंटजवळ बसायचं. नवे पडदे आले. धोबी बदलला. बैठकीत माझं कौतुक झालं. पेशंटच्या मानाची जाण असलेली सिस्टर.

अव्वानं त्या दिवसापासून बोलणं सोडलं. पाणी मागेना, दुखतंय म्हणेना. मी गेले की पदर ओठांवर धरी. सांगून उपयोग होत नाही, हे तिला मी शिकवलं होतं. बाई रोज जेवणाच्या सुट्टीत तिच्याजवळ जाऊन बसत, भाकरी तिथंच खात, तिच्याशी तेलुगूत काहीबाही बोलत. घरी जायच्या दिवशी अव्वानं बाईंच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि बराच वेळ काही सांगितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. फक्त म्हणाल्या, "सरे."

दुसऱ्या दिवशी ओव्हरला माझी पाळी आली.

"केम?"

"काही नाही, बाई. सगळं ठीक."

बाईंनी या वेळी 'हुडक' म्हटलं नाही. नुसतं म्हणाल्या, "केमची पेंडिंग. पुढचा बेड."

मग रोज तेच. त्या निवृत्त होईपर्यंत. माझी पाळी आली की विचारतही नसत, "केमची पेंडिंग," म्हणून पुढे जात. बाकीच्या हसत, त्यांना वाटे, मी लाजाळू आहे म्हणून बाई चेष्टा करतात. बाईंच्या आवाजात चेष्टा नसे, रागही नसे. उशीर झालेल्या गाडीची घोषणा करावी, तसं.

पुढे एकदा जेवताना आमच्या वॉर्डातल्या आयामावशींपुढे मी वांग्याची भाजी सरकवली. त्या विणकराच्या घरातल्या. "नको गं बाई, वांगं नाकु पडदु," त्या म्हणाल्या.

माझा हात तिथंच थांबला. "म्हणजे काय, मावशी?"

"म्हंजे मला चालत न्हाई. सोसत न्हाई. अंगावर उठतं."

"आणि चेप्पिना?"

"चेप्पिना म्हंजे, सांगितलं की म्या."

मी डबा झाकला. त्याच दिवशी बाईंकडे जायला हवं होतं. पण तोवर पडद्याचा नियम झाला होता आणि त्या नियमाला माझं नाव चिकटलं होतं. उद्या सांगू, असं म्हणत राहिले. बाई निवृत्त झाल्या. काही वर्षांनी त्यांच्या खुर्चीवर मी बसले. आणि बसल्यावर पहिलं काम काय केलं, तर ओव्हरनंतरची ती आपापली ओव्हर बंद केली. "फार वेळ जातो," असं कारण दिलं.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक शिबिर झालं. बाहेरून आलेल्या मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवून परिचारिकांचं नेतृत्व समजावलं आणि शेवटी सगळ्यांना विचारलं, "तुमच्या मेट्रनचं सगळ्यात मोठं बलस्थान कोणतं?" मुली एका सुरात म्हणाल्या, "पेशंटची प्रायव्हसी!" एकीनं पडद्याची गोष्टही सांगितली, तिच्या आधीच्या आधीच्या मुलींनी तिला सांगितलेली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मग मला विचारलं, "आणि उणीव? तुम्हीच सांगा."

मी मान हलवून हसले. पुढचा प्रश्न आला नाही.

त्याच आठवड्यात बाई आमच्याच वॉर्डात दाखल झाल्या. छातीत कफ, अंगात ताप. सोबत भाचा, आणि बेडच्या दांडीला अडकवलेली काळी छत्री. केवढ्याशा झाल्या होत्या. मला ओळखलं नाही. भाचा म्हणाला, "आता कुणालाच ओळखत नाही, मॅडम. उजवा कान तर गेलेलाच, डाव्यातही मोठ्यानं बोलावं लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळची ओव्हर चालू होती. मुली एकेक बेड करत बाईंच्या बेडपाशी आल्या. मीही उभी होते. रात्रपाळीच्या मुलीनं ताप, औषधं, सगळं नीट सांगितलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. निदान तसं दिसत होतं. सांगून झालं, तशी त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"कुठली?"

मी वाकून त्यांच्या डाव्या कानाशी म्हणाले, "केमची, बाई."

"केमची," त्या म्हणाल्या. बराच वेळ काही शोधत राहिल्या. मग सापडलं. "केमची पेंडिंग हाय."

मुली हसल्या. त्यांना काय माहीत.

माझा हात सवयीनं पडद्याकडे गेला. आत बसावं, हळूच सांगावं, आणि मोकळं व्हावं. पण हळूच सांगितलेलं बाईंना ऐकू येणार नव्हतं. मी पडदा सोडून दिला. बेडवर त्यांच्या डाव्या बाजूला बसले.

"बाई, मला कळलेलं नसतं तरी मी कळलं म्हणते," मी म्हणाले. "तेलुगू मला येत नव्हती. अव्वा म्हणाली होती, हे इंजेक्शन मला सोसत नाही. मला वाटलं, पडदा मागतेय. आणि डॉक्टरांना मी सांगितलं, ती काही त्रास नाही म्हणाली. तिनं सांगितलं होतं, बाई. दोनदा सांगितलं होतं. खोटं मी बोलले आणि बोलणी तिनं खाल्ली."

मागे मुलींचं हसणं थांबलं होतं. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"कळलं न्हाई," त्या म्हणाल्या. "परत सांग."

ऐकू आलं नाही, की आठवेना, की पूर्वी डॉक्टरांना म्हणायच्या तसंच म्हणाल्या, मला आजही सांगता येणार नाही. मी परत सांगितलं. या वेळी मोठ्यानं, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. समोरच्या बेडवरची एक म्हातारी उठून बसली. ट्रे धरलेली मुलगी जिथं होती तिथंच उभी राहिली.

सांगून झालं. बाईंचा हात माझ्या मनगटावर होता. तो कधी तिथं आला, मला समजलं नव्हतं. त्यांनी नाडी बघावी तशी बोटं ठेवली होती.

"हं," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटले. "पुढचा बेड."